बाबा सेलिंगवर, घर वास्कोत: लहान मुलांसह डिप्लॉयमेंटचे महिने कसे काढायचे

जहाज सुटायची तारीख कळली की नौदलातल्या बहुतेक घरांत आधी भांडण होतं, रडू नंतर येतं. गॅसचं बुकिंग कुणाच्या नंबरवर आहे, गिझर अजून दुरुस्त का नाही, असल्या बारीक गोष्टींवरून दोघंही एकमेकांवर खेकसतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये अमेरिकी नौदलातल्या पत्नींच्या अनुभवांवरून सेलिंगच्या, म्हणजे नवरा जहाजावर गेलेला असण्याच्या, काळातल्या मनःस्थितीचे सात टप्पे मांडले. त्यातले पहिले दोन निघण्याच्या आधीचेच आहेत: तो जाणार ही धास्ती, आणि मग दोघांत आपोआप पडणारं अंतर. माणूस घरात असतो, पण मनाने जहाजावर गेलेला असतो. मूल हे सगळं टिपतं, म्हणून तयारी तिथूनच सुरू करायची.

गोव्यात वास्कोच्या आसपास, वरुणापुरी, मांगोर हिल किंवा दाबोळीकडच्या नौदलाच्या क्वार्टरमध्ये सहा वर्षांखालचं मूल घेऊन राहणाऱ्या घरांसाठी हे लिहिते आहे. पणजीहून फील्ड पोस्टिंगवर गेलेल्या जवानांच्या घरांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मी ‘बाबा’ लिहिते कारण बहुतेक घरांत तेच जातात. पण आता स्त्रियाही अधिकारी म्हणून आणि अग्निवीर म्हणून नौदलात आहेत. तुमच्या घरी आई सेलिंगवर असेल, तर शब्द बदलून वाचा.

माझं म्हणणं एकच आहे. इतक्या लहान मुलाला घराचा रोजचा क्रम सांभाळतो. कागद, फोन, पाहुणे, सण, सगळ्याची आखणी त्या क्रमाला धक्का लागू नये अशी करायची.

आधी कागद, आणि तेही एका फाइलमध्ये

निघण्याआधी तीन-चार आठवडे एक संध्याकाळ मुलं झोपल्यावर दोघांनी बसायचं. एका फाइलमध्ये डिपेंडंट कार्ड, कँटीन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, आधार, लसीकरणाचं कार्ड, हॉस्पिटलची पुस्तिका आणि विम्याचे कागद ठेवायचे. बाळ नुकतंच झालं असेल, तर त्याचं नाव नवऱ्याच्या सेवा-नोंदीत चढलं आहे का, हे आधी बघा. ती नोंद नसेल तर डिपेंडंट कार्ड अडतं आणि हॉस्पिटलच्या खिडकीवर उगाच खुलासे करत बसावं लागतं.

बँकेचं खातं दोघांच्या नावावर हवं, आणि ‘दोघांपैकी कुणीही’ व्यवहार करू शकेल असं. गावाकडे घराचा किंवा जमिनीचा व्यवहार अर्धवट असेल, तर त्या एकाच कामापुरतं मुखत्यारपत्र करून ठेवा. सरसकट मुखत्यारपत्राची गरज क्वचितच पडते. मुलाचा पासपोर्ट काढायचा असेल तर दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं, ते तो इथे असतानाच उरका. मूल पाच वर्षांचं होत असेल, तर आधारचं बायोमेट्रिक अपडेट याच यादीत घाला.

मुलांच्या शिक्षण भत्त्याचा क्लेम नोकरी करणाऱ्यालाच करावा लागतो. पहिल्या दोन मुलांसाठी, पूर्वप्राथमिकपासून तो मिळतो आणि जानेवारी २०२४ पासून दर मुलामागे महिना २८१२ रुपये ५० पैसे असा दर आहे. शाळेच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र कधी मिळेल हे शाळेत विचारून ठेवा आणि क्लेमचं काम तुमच्यातलं कोण, कधी पुढे सरकवणार हे ठरवा. वर्षाची रक्कम चांगली मोठी होते.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: नवऱ्याच्या डिव्हिजनल ऑफिसरचं (त्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं) नाव, आणि जहाज समुद्रावर असताना घरच्यांनी किनाऱ्यावर कुणाला फोन करायचा, तो नंबर. मोबाइलमध्ये असतोच, पण फ्रिजवरही चिकटवा. मध्यरात्री तुम्ही हॉस्पिटलमध्ये आणि घरी शेजारच्या काकू, अशी वेळ आली तर तो नंबर त्यांना सापडला पाहिजे.

मुलाला कधी आणि काय सांगायचं

दीड वर्षाखालच्या बाळाला सांगून कळणार नाही, पण बदल कळतो. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून क्षणभरही दूर न राहण्याचा काळ असतो. बाबा नेमका तेव्हा गेला, तर बाळ तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देणार नाही. त्या काळात नवी बाई कामाला लावणं, पाळणाघर सुरू करणं, दूध तोडणं, यातलं काहीही नव्याने करू नका. करायचंच असेल, तर बाबा असताना महिनाभर आधी.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘चार महिने’ आणि ‘चार दिवस’ सारखेच. त्याला दोन-तीन दिवस आधी सांगा, आणि छोट्या वाक्यांत: बाबा जहाजावर कामाला जाणार, रात्री तिथेच झोपणार, काम झालं की घरी येणार. चार-पाच वर्षांच्याला आठवडाभर आधी सांगितलेलं बरं. या वयाची मुलं मनात एक भलतंच गणित मांडतात: ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले.’ ती हे बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे मुलाने विचारलं नाही, तरी तुम्ही दोन-तीनदा स्पष्ट म्हणा, ‘बाबांचं कामच जहाजावर आहे. तुझ्यामुळे नाही गेले.’

आणि काहीही झालं तरी मूल झोपेत असताना गुपचूप निघू नका. रडारड टळते खरी, पण मग पुढचे कित्येक दिवस ते मूल झोपायला घाबरतं. मिठी, टाटा, रडणं, सगळं होऊ द्या.

जाऊन परत येण्याची गोष्ट मुलांना लागते, आणि गोव्यात ती हाताशी आहे. तारिणी ही शिडाची नौका इथेच, दिवाडीच्या यार्डात बांधली. सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका असे थांबे घेत पृथ्वीची प्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यातच परतल्या. पाच वर्षांच्या मुलाला नकाशावर बोट फिरवत ही गोष्ट सांगा. पुन्हा पुन्हा ऐकायला मागेल.

बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालयही दाखवून आणा, शक्यतो बाबाबरोबर. ‘बाबाचं काम’ म्हणजे काय, याचं काही तरी चित्र मुलाच्या डोक्यात तयार होतं.

बाबाचा आवाज घरात ठेवून जा

निघण्याआधीच्या आठवड्यात नवऱ्याकडून हे करून घ्या, त्याला संकोच वाटला तरी. रोज झोपताना तो जे म्हणतो ते रेकॉर्ड करा: ‘शुभं करोति’, एखादं बडबडगीत, दोन गोष्टी, आणि मुलाचं नाव घेऊन ‘झोप आता’. फक्त आवाज पुरतो, व्हिडिओ लागत नाही, आणि झोपताना डोळ्यांसमोर पडदा नको. एक वापरलेला टीशर्ट न धुता ठेवा. आजारपणात लहान बाळाच्या उशाशी त्याचा उपयोग होतो.

दिवस मोजण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ‘इतके दिवस उरले’ म्हणून बरणीत चॉकलेटं भरून रोज एक काढायचं, असं बरेच जण सुचवतात. पण सेलिंगची तारीख पुढे जाते, आणि बरणी रिकामी झाली तरी बाबा आलेले नसतात. मोठ्या माणसाला तो उशीर समजतो, चार वर्षांच्या मुलाला तो शब्द मोडल्यासारखा वाटतो. म्हणून उलट करा. बायणा किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावरून शंख-शिंपले आणून ठेवा आणि रोज रात्री एक शिंपला रिकाम्या बरणीत टाका. बाबा नाहीत ते दिवस भरत जातात, तारीख कितीही सरकली तरी बरणी खोटी पडत नाही. आल्यावर बाबाबरोबर ती ओतून मोजायची.

पहिले दोन आठवडे

हे सगळ्यांत कठीण. अंथरूण ओलं करणं, पुन्हा बाटली मागणं, बोबडं बोलणं, शाळेत चावणं, हे सगळं होऊ शकतं. रागावू नका, कौतुकही करू नका. चादर बदला आणि पुढे चला. बहुतेक मुलं काही आठवड्यांत मूळपदावर येतात. महिना उलटूनही मूल खेळत नसेल, खात नसेल, येत असलेले शब्द सोडून देत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

या दिवसांत उठायची, जेवायची, अंघोळीची, झोपायची वेळ घट्ट धरा. बाकी काहीही ढिलं पडू द्या. भाकरी जमली नाही तर पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, पाव आणि आमटी चालते. घर पसरलेलं चालतं. झोपेची वेळ चुकलेली चालत नाही.

बाबाची जी एक-दोन रोजची कामं होती, ती बंद करू नका, वाटून घ्या. तो रोज कचरा टाकायला मुलाला बरोबर न्यायचा ना? तुम्हीही न्या. पण ‘आता घरातला कर्ता पुरुष तूच’ हे वाक्य कुणालाही, आजोबांनाही, मुलासमोर म्हणू देऊ नका. पाच वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आईला सांभाळायचं ओझं आपण कौतुकाने ठेवतो आणि ते पोर खरंच ते वाहायला लागतं: आई रडली तर स्वतःचं रडू गिळतं. तसंच ‘थांब, बाबा आले की सांगते’ ही धमकी. ज्या माणसाची मुलाने ओढीने वाट पाहायची, त्याच्या येण्याची त्याला भीती कशाला घालायची? शिस्त तुमची, त्याच दिवशी, तिथल्या तिथे.

गावी जायचं की इथेच राहायचं

सासर-माहेरहून हा आग्रह होतोच. मूल शाळेत जात असेल आणि तुमची तब्येत ठीक असेल, तर इथेच राहा असं मी सांगेन. वास्कोत शेजारची प्रत्येक दुसरी बाई याच परिस्थितीतून गेलेली असते, शाळेतल्या बाईंना ‘बाबा सेलिंगवर’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. गावी प्रेम भरपूर मिळतं, पण मुलाच्या बाबाबरोबर त्याची खोली, त्याची शाळा, त्याचे मित्रही एकदम जातात. दुसरं बाळंतपण तोंडावर असेल, किंवा तुम्हालाच बरं नसेल, तर मात्र बेधडक जा किंवा आईला बोलावून घ्या. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते, त्यामुळे घाटावरच्या माणसांना येणं सोपं पडतं. आई आल्या तर मुलाच्या झोपेची वेळ मात्र तुमचीच चालेल, हे पहिल्याच दिवशी गोडीने ठरवा.

फोन आला तर, आणि नाही आला तर

डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी घातली. त्यामुळे ‘रोज रात्री आठला बाबांचा फोन’ असं वचन मुलाला कधीही देऊ नका. आला तर आनंद, नाही आला तर काही मोडलं नाही, असं वातावरण हवं.

व्हिडिओ कॉलची संधी मिळते तेव्हा मूल बहुतेक वेळा पळून जातं, तोंड लपवतं, किंवा फोन बंद करतं. तिकडे बापाचा जीव कासावीस होतो. नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवा: मूल रुसलेलं असू शकतं, लाजलेलं असू शकतं, आणि पडद्यावरचा माणूस मिठीत येत नाही याचा त्याला राग येतो. ‘बोल ना बाबांशी’ म्हणून फोन तोंडासमोर धरू नका. फोन भिंतीला टेकवून ठेवा आणि मुलाला त्याचा खेळ खेळू द्या. बाबाने नुसतं बघत राहावं, मध्येच ‘ती निळी गाडी कुठाय?’ असं विचारावं. त्यातच खरा संवाद होतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या सूचनांमध्ये दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको म्हटलंय, पण घरच्यांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. तेव्हा त्याची धास्ती नको.

चित्रं काढून पाठवा. जहाजांची टपाल फ्लीट मेल ऑफिसमार्फत आणि फील्डमधल्या जवानांची ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यांवर जाते. उशिरा पोचतात, पण बंकमध्ये चिकटवलेलं चित्र नवऱ्यालाही सावरतं.

एक कडक नियम: जहाज कुठे आहे, कोणत्या बंदरात लागणार, कधी परतणार, हे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, शाळेच्या ग्रुपवर, रिक्षात, कुठेच नाही. मुलाला तर नेमकी माहिती देऊच नका, कारण ते सगळ्यांना सांगणार आणि त्यात त्याची चूक नाही. ‘बाबा लांब समुद्रावर आहेत’ इतकं त्याला पुरतं.

पावसाळा आणि आजारपण

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. वीज जाते, कपडे वाळत नाहीत, डास वाढतात, आणि मुलं हमखास आजारी पडतात. एकट्या आईची खरी परीक्षा इथे असते, म्हणून आजारपणाची तयारी मेमध्येच करा.

घरात थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक हवी. पॅरासिटॅमॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. डॉक्टरांकडून ती मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधा. मुलाचं वजन वाढलं की पुन्हा विचारा. रात्री तीन वाजता, झोपेतून उठून हिशेब करायची वेळ येऊ नये. पावसाळ्यातल्या तापात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. जुलाब लागले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, पूर्ण, अर्धं करून नाही.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी थेट हॉस्पिटल. मोठ्या मुलाला पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गळून झोपून राहणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नका.

वास्कोत आयएनएचएस जीवंती हे नौदलाचं रुग्णालय आहे, पणजीकडे मिलिटरी हॉस्पिटल. जवळचं सरकारी रुग्णालय चिखलीला, आणि मोठं काही असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटासाठी ११२.

आता खरा प्रश्न: एका मुलाला घेऊन तुम्ही रात्री निघालात, तर दुसऱ्याजवळ कोण? हे नाव आजच ठरवा. एक शेजारीण, आणि ती गावी गेली तर दुसरी. त्यांना एकदा घरी बोलावून मुलाची झोपायची जागा, दुधाची बाटली, किल्ली कुठे असते ते दाखवा. संकोच बाळगू नका. उद्या तिचा नवरा गेला की तिला तुम्ही लागणार आहात. नौदलातल्या कुटुंबांसाठीची संघटना, नव्वा, आणि लष्करातली आवा, यांच्या कार्यक्रमांना जायचं ते मुख्यतः अशा ओळखींसाठी.

लसींच्या तारखा जाण्याआधीच कॅलेंडरवर लिहा: सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिन्यांतले बूस्टर, आणि पाच ते सहा वर्षांतला. एकटीने महिने काढताना या तारखा हमखास निसटतात.

सण

चवथीला बाबा नाही म्हणून गणपती आणायचा नाही, असं करू नका. मूर्ती लहान आणा, आरती मुलाला म्हणू द्या, शेजाऱ्यांची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) दाखवायला न्या. दामोदराच्या सप्ताहात वास्कोत प्रचंड गर्दी असते. दोन लहान मुलं घेऊन एकटीने संध्याकाळी जाऊ नका, सकाळी जा. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या आवाजाने लहान मुलं घाबरतात, त्यांना दिवसाच पुतळे दाखवून ‘हा कागदाचा आहे’ हे समजावून ठेवलेलं बरं.

बातम्या बंद

मे २०२५ मध्ये टीव्हीवर दिवसरात्र युद्धाच्या बातम्या होत्या. त्या दिवसांत मुलं पडद्यावर जहाज दिसलं की ‘बाबा!’ म्हणत आणि पुढच्या क्षणी स्फोटाची चित्रं. मुलांसमोर वृत्तवाहिन्या लावूच नका. पाहुणे आले तरी नाही. तुम्हाला खबर हवी असेल तर ती अधिकृत मार्गाने तुमच्यापर्यंत येईल. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विश्वास ठेवून कुणालाही, विशेषतः सासूबाईंना, कळवू नका.

तुमची झोप

मूल झोपलं की भांडी, इस्त्री, फोन, असं करत बारा वाजतात आणि सहाला डबा. दोन आठवडे असे गेले की तुम्ही मुलावर ओरडायला लागता. आठवड्यातून तीन रात्री तरी मुलाबरोबरच झोपा, काम पडू दे. आठवड्यातून एकदा दोन तास मुलांना शेजारणीकडे सोडून बाहेर जा, बाजाराला नाही, नुसतं बाहेर. दोन आठवडे सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, मुलाचा राग अनावर होत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट असतो, आणि मराठीतही बोलता येतं. फोन करा. नवऱ्याच्या नोकरीवर याचा काही परिणाम होईल या भीतीने थांबू नका.

तो परत येतो तेव्हा

धक्क्यावर मूल धावत जाऊन बाबाच्या गळ्यात पडेल, असं प्रत्येक बापाने मनात रंगवलेलं असतं. दीड वर्षाचं मूल तुमच्या मागे लपेल. चार वर्षांचं कदाचित दोन दिवस त्याच्याकडे बघणारही नाही. नवऱ्याला शेवटच्या फोनवर हे सांगून ठेवा. घरी आल्यावर त्याने जमिनीवर बसावं, खेळणं हातात घ्यावं आणि मूल जवळ येईपर्यंत थांबावं. उचलायची घाई नको, दाढी वाढली असेल तर आधी करावी.

पहिला आठवडा कुणालाही बोलावू नका. गावी लगेच निघूही नका. लोगन यांच्या सात टप्प्यांतले शेवटचे दोन या वेळचे आहेत: घराचे नियम दोघांनी पुन्हा ठरवायचे आणि मग पुन्हा एक घर म्हणून बसायचं. तुम्ही महिनोन् महिने एकटीने निर्णय घेतलेत, आणि तो येऊन दुसऱ्याच दिवशी ‘हिला इतका मोबाइल का?’ म्हणाला, की ठिणगी पडते. म्हणून आधीच ठरवा: पहिले दहा-पंधरा दिवस शिस्त तुमच्याकडे, त्याच्याकडे अंघोळ, शाळेत सोडणं आणि झोपतानाची गोष्ट. ती तीन कामं रोज, न चुकता. मूल त्या कामांतूनच त्याला परत आपलंसं करतं. रात्री तुमच्याजवळ झोपायची सवय लागली असेल तर ती एका झटक्यात मोडू नका. आधी तिघांनी एकत्र, मग मुलाचा पलंग खोलीतच थोडा दूर, असं हळूहळू.

शिंपल्यांची बरणी पहिल्या रविवारी काढा. आणि ती फाइल कपाटात टाकण्याआधी त्यात बदललेला औषधाचा डोस, शाळेचा नवा नंबर, झालेल्या लसींच्या तारखा चढवून घ्या. पुढच्या सेलिंगला ती अशीच लागणार आहे.